मांडवाला एकेक दगड

१२ एप्रिल, शनिवार

भाताच्या रोपासाठी राब भाजला आज, ओहळाच्या खाचरात. खाली शेण, वर टहाळ, सागाचा पाला, गवत, आणि सगळ्यात वर मातीचा पातळ हात, म्हणजे आग भडकत नाय, हळूहळू भाजते. डोळ्यांत धूर गेला, पदर काळा झाला. पण बरं वाटलं.

गेल्या वर्षी याच राबावर रोप आलं होतं — वीतभर, पोपटी, बघत बसावं असं. आणि एका पावसात डोंगरावरची लाल माती येऊन वर बसली. सकाळी जाऊन बघते तर रोप नाय, बांध नाय, नुसता चिखल आणि त्यात मुरुमाचे खडे. घरच्या खाण्याचा तांदूळ या खाचरातला. वर्षभर दुकानचा भात खाल्ला. धाऊ म्हणतो, "ह्यो भात तोंडात जातो, पोटात जात नाय."

धाऊ माझा नवरा. तोंडानं त्याचं नाव अजून घेतलं नाय मी, नातीचं लग्न आलं तरी. पण कागदावर चालतं. कागद चुगली करत नाय.

नातीचं लग्न — ते तर लिहायलाच विसरले! नम्रताचं ठरलं. मुलगा प्रज्वल, मुरबाडकडचा, बिजलीच्या कामाला आहे. हसरा आहे. जेवताना आणखी भात मागून घेतला, तेव्हाच मी मनात होय म्हटलं.

१५ एप्रिल

वर पुन्हा जेसीबी. दिवसभर डोंगर खरवडतोय. भांडी घासल्यासारखा आवाज येतो.

२१ एप्रिल

वर गेले होते, करवंदं बघायला. करवंदांच्या जाळ्याच नायत तिथं आता. मुंबईच्या कुणा शेठचे बंगल्याचे प्लॉट पडतायत. डोंगराला पायऱ्या पाडल्यात आणि पायरीची निघालेली माती तशीच उतारावर ढकलली. ती कशी मोकळी पडली आहे! पाय ठेवला तर घोट्यापर्यंत आत.

देखरेखीला हनुमान असतो, आटगावचा. मुलगा वाईट नाय, पाणी दिलं मला प्यायला. मी म्हटलं, "बाबा, ही माती पावसात कुठं जाईल?"

म्हणाला, "मावशी, माती हाय, जाईल कुठंतरी."

कुठंतरी म्हणजे माझं खाचर.

१ मे, गुरुवार

आज ग्रामसभा. मी बोलले.

दोन वर्षं शाळेत गेलेली बाई, आणि माईक धरला! पण सुरुवातीपासून लिहिते.

सावळी आणि मी संगतीनंच गेलो. सावळीची वाडी आमच्या घराच्या खाली, ओहळाच्या काठानं गेलं की लगेच. डोंगर, मग माझं खाचर, मग आमचं घर, मग सावळीची वाडी — पाणी या वाटेनं उतरतं. वाडीतल्या बाया ओहळाच्या वाळूत डवरा खणून पाणी भरतात, त्याच झिऱ्याचं पाणी पितात. गेल्या वर्षी डवराही लाल झाला होता. पोरांना जुलाब. तेव्हा पंचायतीत किती जण ओरडून आले, आणि आज तो विषय निघाला.

ग्रामसेवक मॅडमनी वाचून दाखवलं. कुणीही गावात माती काढली, उतार कापला, सपाटी केली, तर मृगाच्या आधी खालच्या अंगाला दगडाचा बांध घालायचा. पाणी उतरतं तिथं गाळाचा खड्डा. ओहळाच्या काठचा गवताचा पट्टा शाबूत ठेवायचा, त्यावर माती टाकायची नाय. नाय केलं तर पंचायत काम थांबवणार.

हनुमान उठून म्हणाला, "एवढ्या नियमात कोन प्लॉट घेनार? गावचा विकास थांबेल."

मला कुठून बळ आलं कोण जाणे, उठले. म्हटलं, "डोंगर कापा बाबा, बंगले बांधा, झोपाळे टांगा. तुमच्या झोपाळ्याला आमचं काय जातंय? पण तुमची माती तुमच्या दारात ठेवा. ज्यानं माती काढली, त्यानंच ती थोपवायची."

आधी हसले सगळे. मग हात वर झाले. सरपंच म्हणाले, "मॅडम, आजींचं हे लिहून घ्या."

लिहून घेतलं! माझं बोलणं सरकारी कागदावर.

सावळी परत येताना म्हणाली, "गो सकू, उद्या तुला आमदार करतील. मग आमाला ओळख दाखव."

२ मे

धाऊ सकाळपासून "आमदारबाई, चा मिळंल का" करतोय. दिला नाय चहा. मग दिला.

८ मे, गुरुवार

आज आपल्या दारात जेसीबी!

साईनाथनं — माझा मुलगा, नम्रताचा बाप — आणला. आमच्याकडं लग्नापेक्षा हळद मोठी. सगळी भावकी, सोयरे, शाळेतले, कंपनीतले, शिवाय नाचायला बेंजो. अंगणात कुठं मावणार माणसं? मागचा माळ होता चढाचा, वाकडातिकडा. सकाळी सुरू केला आणि जेवणाच्या आत परातीसारखा सपाट. मी ओटीवर बसून बघत होते. काय ते यंत्र! एक सोंड खाली घातली की आमच्या दिवसभराची खोदाई. ड्रायव्हरला ताक दिलं, पापड दिले.

तिथं मांडव किती शोभेल. अनितानं — माझी सून — थर्माकोलचं मोठं नाव करायला टाकलंय किन्हवलीला. गुलाबी. "नम्रता" आणि "प्रज्वल", मध्ये बदाम. मी म्हटलं, "लग्न झालं की काय करायचं त्याचं?" तर म्हणे, "आई, भिंतीला लावून ठेवीन. पोरगी गेली तरी नाव राहील घरात."

मग मी म्हटलं, खिळा मी ठोकून देईन.

१२ मे, सोमवार

नोटीस आली.

पंचायतीचा शिपाई कमळू, आधी पाणी प्याला, मग कैऱ्यांकडं बघत बसला. मला वाटलं लग्नाला काय मदत लागली तर विचारायला आला. मग हळूच खिशातून कागद काढला. "आजी, राग नको मानू."

जमीन माझ्या नावावर, म्हणून कागदही माझ्या नावाचा. नम्रतानं वाचला. माळ सपाट केला, निघालेली माती ओहळाच्या काठावर, गवतावर टाकली. मृगाच्या आधी ढीग मागे घ्यायचा, बांध घालायचा. खाली लिहिलं आहे — ज्यानं माती काढली, त्यानंच ती थोपवायची.

नव्या नियमाची पयली नोटीस. मला!

मी मागं जाऊन बघितलं. दोन माणसं उंच ढीग, पार ओहळाच्या तोंडाशी. त्या दिवशी ओटीवर बसून कौतुकानं बघत होते ना मी, सोंड माती उचलते, सोंड माती टाकते. कुठं टाकते, ते डोळ्यांनी बघत होते आणि तरी दिसलं नाय. लग्नाची माती मला मातीच वाटली नाय.

तक्रार कुणी केली? कमळूला खोदून विचारलं. सांगेना. मग कैऱ्या दिल्या तर सांगितलं.

सावळीनं.

१३ मे

आख्खी रात्र तळमळले. सकाळी सावळीकडं गेले, भांडायलाच. म्हटलं, "माझ्या दारात यायचं, मला सांगायचं. पंचायतीत कशाला गेलीस?"

ती डवऱ्यातून वाटीनं पाणी भरत होती. वर न बघता म्हणाली, "आलते ना. त्याच दिसी आलते. तू डायवरला पापड देत व्हतीस. म्हटलं, सकूच्या घरी आनंद हाय, आज नको बोलू. मंग रात्री पानी प्याले आनि झोप लागली नाय."

मग म्हणाली, "सभेत तू बोललीस तवा मीच पयला हात वर केला गो. आता हात खाली करू का?"

वाटीत नितळ पाणी. तिनं मला दिलं. मी प्याले. गोड आहे त्या झिऱ्याचं पाणी, आमच्या नळाला ती चव नाय.

१४ मे, बुधवार

घरात गोंधळ. साईनाथ पंचायतीत जाऊन आला. मॅडम भल्या आहेत, म्हणाल्या, लग्नघर आहे, होऊन जाऊ दे हळद, पाहुणे गेले की बघू. साईनाथ खूश. "आये, मिटलं. पाऊस यायला अजून टाइम हाय."

तेवढ्यात हनुमान रस्त्यानं मोटारसायकल घेऊन चालला होता. थांबून म्हणाला, "मावशी, तुमाला सवलत भेटली ती आमाला पन भेटंल ना? आमचं तर रोजच लग्नघर हाय." आणि हसत गेला.

तेव्हा ध्यानात आलं. आमचा ढीग राहिला तर डोंगरावरचा कोण हलवेल? आणि डोंगरावरचा राहिला तर ओहळाच्या खाचराचं याही वर्षी तेच. राब भाजून ठेवलाय, बी काढून ठेवलंय, आणि माझ्याच माळाच्या मातीपायी सगळं घालवायचं?

साईनाथला म्हटलं, "बांध हळदीच्या आधी घालायचा."

"हळद शनवारी हाय! मानसं कुठं हायत आता? मांडवाच्या गडबडीत बांध?"

अनिता म्हणाली, पाहुणे हसतील. सासरचे काय म्हणतील, लग्नघरी पंचायतीची नोटीस.

नम्रता मेंदी काढून घेत बसली होती, दोन्ही हात पुढं धरून. म्हणाली, "बाबा, आजीचं वाक्य कागदावर आहे. आता तीच खोटी पडली तर मी कुठल्या तोंडानं सांगू सासरी, की ही माझी आजी?"

मग साईनाथनं फोन काढला. ढीग मागे ओढायला जेसीबी परत बोलावला. पण दगड कोण आणणार, कोण रचणार, ते काही सुचेना.

१५ मे

सुचलं! भाकऱ्या थापताना सुचलं.

मांडवाच्या दिवशी सगळं गाव येतं. कुणी रिकाम्या हातानं येत नाय, उंबराची, आंब्याची, जांभळीची डहाळी घेऊन येतं. डहाळीबरोबर एक दगड आणायला काय हरकत आहे?

कमळूला सांगितलं, घरोघर सांग. त्याला पुन्हा कैऱ्या.

धाऊ म्हणाला, "मोठ्यानं सांग, शेताच्या बांधाचे काढून आनू नका म्हनावं. नायतर आपला बांध व्हनार नि गावाचे पडनार." अगदी खरं बोलला. तेही सांगायला लावलं.

१६ मे, शुक्रवार

काय दिवस होता!

सकाळी पयली सावळी. डोक्यावर उंबराची डहाळी, कडेवर हा एवढा दगड, तान्ह्या पोरासारखा. माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, "वाडीचा मान पयला." मग सगळी वाडी आली मागोमाग.

मग गाव. कुणी पडक्या गोठ्याचा चिरा, कुणी जुन्या चुलीचे तिन्ही दगड, कुणी ट्रॅक्टरमधून ढीगभर. लडकूभावजींनी पाटाच आणला, मिरची वाटायचा. त्यांची बायको मागून ओरडत आली, "तो नाय! तो माजा हाय!" परत नेला. हसून हसून पुरेवाट.

साईनाथच्या मित्रांना आधी लाज वाटत होती, मग चढाओढ लागली. धाऊ काठी घेऊन सांगायला उभा. मोठे खाली, फटीत बारके, तोंड उताराकडं नाय, डोंगराकडं झुकतं ठेवा. पुढं खड्डा पण खणला, गाळाचा. बाया मांडवात डहाळ्या बांधत होत्या, पुरुष दगड रचत होते, मध्ये चहाची किटली फिरत होती. बांध आणि मांडव एकाच वेळी उभा राहिला.

हनुमानला निमंत्रण होतंच. दुपारी आला, पांढरा शर्ट, हात मोकळे. मी म्हटलं, "मांडवाला रिकामा नाय यायचं बाबा." इकडंतिकडं बघितलं, रस्त्याकडंचा एक धोंडा उचलला, शर्टाला माती लागली, आणि बांधावर ठेवला. नीट बसेना. पुन्हा उचलला, फिरवला, बसवला.

मग शर्ट झटकला. म्हणाला, "मावशी, आता मला काय बोलायलाच ठेवलं नाय तुमी."

मी म्हटलं, "बोलू नको. जेवून जा."

१७ मे

हळद. बेंजो. पाय सुजले. मी पण नाचले. कुणाला सांगायचं नाय, पण सगळ्यांनी बघितलं आणि मोबाइलमध्ये घेतलं.

१८ मे, रविवार

गेली.

गाडीत बसताना माझा हात सोडेना. मी म्हटलं, जा गो, मुरबाड काय लांब आहे? पण लांबच आहे. किन्हवलीला जा, तिथून सरळगाव, मग पुन्हा दुसरी गाडी. मला आता गाडी लागते. वर्षातून किती वेळा होणार?

२१ मे, बुधवार

काल संध्याकाळपासून वादळ. वळवाचा नाय हा, खराखुरा पाऊस, आणि मे अजून सरलेला नाय. मृगाची वाट कोण बघतंय इथं! मांडव अजून उतरवला नव्हता. पत्रे धडाधड वाजत होते. अनिता ओरडली, "नाव! नाव गेलं!" गुलाबी थर्माकोल उडालं, ओहळात पडलं आणि गेलं वाहत. साईनाथ धावला बॅटरी घेऊन, पण मी ओढून घरात घेतला. थर्माकोलपायी जीव देतो का रे? अनिता मोरीत जाऊन रडली. नावासाठी नाय, मला कळत होतं.

उजाडताच मी मागं. बांध उभा. खड्डा लाल चिखलानं भरलेला, आणि पलीकडं गवत हिरवं, धुतलेलं. खाली सावळीनं हात हलवला. "आली नाय गो तुजी माती!"

मग खाचराकडं. तिथं मात्र वरून यायला लागली आहे. एका कोपऱ्यातून लाल जीभ आत शिरलेली, राबाच्या जवळ. राबाला लागली नाय अजून. एखादा पाऊस असाच आला तर लागणार.

२२ मे

भिजत पंचायतीत गेले. साईनाथ स्वतः आला बरोबर. आज तोच बोलला. "लग्नघराला सूट घेतली नाय आमी. आता डोंगराला का?"

मॅडम उठल्या, छत्री घेतली, सरपंचांना घेतलं, सरळ वर.

२३ मे

जेसीबी बंद! डोंगर गप्प. आज पाखरं ऐकू आली.

२७ मे

जेसीबी पुन्हा सुरू. धाऊ वर बघून आला. दम खात म्हणाला, "खड्डा खनतोय. गाळाचा. मोठा हाय, आपल्यासारखे किती मावतील त्यात. आनि दगडाचे ट्रक आलेत."

हनुमाननं शेठला काय सांगितलं कोण जाणे. पाऊस पडतोय, उघडतोय, आणि ते रचतायत. अर्धं झालं आहे. राहिलेल्या अर्ध्यातून थोडी माती आलीच खाचरात, कोपरा गेला. मी आणि अनितानं घमेल्यानं काढली. राब वाचला.

काल सावळीची नात विचारत होती, आजी, बंगले झाले की तिथं झोपाळा खेळायला सोडतील का. म्हटलं, सोडतील. सोडले नाय तर मी पुन्हा माईक धरीन.

३ जून, मंगळवार

उघडीप पडली. वाफसा आला तसा राबावर बी फेकलं. धाऊनं फेकलं, मी मागून माती सारखी केली. या वर्षी घरचा तांदूळ! पयला भात नम्रताला पाठवायचा. कोण नेणार एवढ्या लांब, ते बघू.

ओहळ संथ वाहतोय, पाणी निवळलंय. अनिता अजून मधूनमधून भिंतीच्या त्या रिकाम्या जागेकडं बघते, जिथं नाव लावणार होती.

७ जून, शनिवार

नम्रताचा फोन. हसत होती, मग रडत होती. सकाळी पाण्याला गेली होती, तिच्या सासरची विहीर नदीकाठी आहे, तिथं बंधारा. बंधाऱ्याला काहीतरी गुलाबी अडकलेलं. बाया म्हणाल्या, बघ गो नवरी, तुझंच नाव आलंय. "प्रज्वल" फुटून गेलं कुठं. "नम्रता" आख्खं.

म्हणजे आपला ओहळ खाली जंगलातनं नदीला मिळून सरळ तिच्या दारात जातो. दोन गाड्या बदलून जायचं गाव, आणि पाणी चालत जातंय.

मी विचारलं, "बंधाऱ्याचं पाणी लाल आहे का गो?"

"नाय आजी. तळाचे दगड दिसतायत. तेच पाणी विहिरीला येतं. आमी तेच पितो."